मदत हवी आहे : कॉकटेल ड्रेस, आम्ही तिघी आणि तीन बजेटं

नमस्कार मंडळी,

आमंत्रणपत्रिकेवर 'कॉकटेल अटायर' एवढे दोनच शब्द छापलेत आणि त्यांनी आमची झोप उडवली आहे. संध्याकाळचा कार्यक्रम आहे. आधी तास-दीड तास उभ्यानेच गप्पा, मग बसून जेवण. हातात तीन आठवडे आहेत.

आम्ही तिघी एकाच ऑफिसातल्या. माझा खिसा सगळ्यांत हलका. ऑफिसला घालते त्यातल्या बऱ्या ड्रेसला जेवढे मोजते, त्याहून फार तर किंचित जास्त. मैत्रीण त्याच्या तिप्पटीपर्यंत जाईल. तिसरी आमची सीनियर. "आवडला तर किंमत बघणार नाही" असं म्हणते खरी, पण पैसे वाया गेले तर वर्षभर ऐकवेल.

माझी धास्ती मागच्या अनुभवामुळे आहे. फोटो बघून चकचकीत सॅटिनचा ड्रेस ऑनलाइन मागवला होता. घरी आरशासमोर झकास दिसला. गाडीत अर्धा तास बसून उतरले, तर मांडीवर अशा चुण्या की जणू कागद चुरगळून परत उलगडलाय. शिवाय बसलं की ड्रेस वर सरके. एक हात तो खाली ओढण्यात आणि दुसरा पर्स सांभाळण्यात, अशी संध्याकाळ गेली. एकाही फोटोत मी सरळ उभी नाही.

तर, लांबी नेमकी किती असावी? कमी पैशांत स्वस्त न दिसणारं काय मिळतं? आणि महागड्या ड्रेसमध्ये आपण पैसे मोजतो ते नक्की कशाचे? काळा सोडून रंग चालतात का, तेही सांगा.

प्रतिसाद :
ऑफिसचे कपडे आणि जमिनीवर लोळणारा गाऊन, या दोहोंच्या मधला तो कॉकटेल ड्रेस. गुडघ्याच्या जरा वरपासून पोटरीच्या मध्यापर्यंत काहीही चालतं. फक्त पोटरी जिथे सगळ्यांत रुंद असते, बरोबर तिथेच ड्रेसची कड आणू नका, पाय जाड दिसतात. दोन बोटं वर किंवा दोन बोटं खाली.

काळ्याचं म्हणाल तर ऑक्टोबर १९२६ मध्ये अमेरिकन 'व्होग' या फॅशन मासिकाने डिझायनर कोको शनेलच्या काळ्या ड्रेसचं रेखाचित्र छापलं आणि त्याची तुलना थेट फोर्डच्या मोटारीशी केली. म्हणजे सगळ्यांना परवडेल, सगळ्यांना शोभेल असा. क्रेपचा, लांब बाह्यांचा, जवळजवळ काहीच नक्षी नसलेला ड्रेस होता तो. तुमच्या बजेटचं उत्तर मला तरी त्यातच दिसतं.

प्रतिसाद :
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. खिसा जितका हलका, तितका ड्रेस साधा घ्या. स्वस्त ड्रेस उघडा पडतो तो नक्षीत आणि चकाकीत. गळ्याला चिकटवलेले खडे, फुकट आलेला रेक्झिनचा पट्टा, सोनेरी चेन वगैरे. पट्टा तर घरी आल्याआल्या काढून टाका आणि तो अडकवायचे धाग्याचे लूपही कापा.

सॅटिनने तुमचा घात का केला ते सांगते. सॅटिन हे धाग्याचं नव्हे, विणीचं नाव आहे. रेशमाचंही असतं, पॉलिएस्टरचंही. त्यात धागे वरच्या बाजूला लांब लांब मोकळे सोडलेले असतात, म्हणून प्रकाश सरळ परततो आणि कापड चकाकतं. पण म्हणूनच प्रत्येक चुणी, प्रत्येक ओढलेली शिलाईही लांबून दिसते. त्याऐवजी मॅट, म्हणजे न चकाकणारा क्रेप बघा. पॉलिएस्टरचा असला तरी जरा जाडसर, वजनाने खाली पडणारा. मुठीत घट्ट धरून दहा आकडे मोजा आणि सोडा. मूठ उघडल्यावर चुण्या तशाच राहिल्या तर ड्रेस परत हँगरला.

आणि ट्रायल रूममध्ये आधी ड्रेस उलटा करा. मी तर घालण्याआधीच उलटा करते. अस्तर आहे का? असेल तर फक्त पुढे लावून मागे हात आखडलाय का? चेन गुळगुळीत सरकते की कमरेच्या जोडावर अडखळते? शिलाईच्या बाजूला माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, किती सोडलीय? एक बोट रुंद माया दिसली तर शिवणाऱ्याने थोडा तरी विचार केलाय असं समजा. उलट्या बाजूने बरा दिसणारा ड्रेस सुलट बाजूने सहसा फसवत नाही.

प्रतिसाद :
सगळ्यांनी साधंच का घालायचं बुवा? मी कमी पैशांतला मखमली ड्रेस घेतला, गडद वाइन रंगाचा, आणि तो कुणालाच स्वस्त वाटला नाही. गडद मखमल प्रकाश पिते, त्यामुळे शिलाईतल्या चुका लपतात. दोन गोष्टी मात्र सांभाळा. मखमलीवर सरळ इस्त्री ठेवली की लव दबते ती कायमची, म्हणून उलट्या बाजूने नुसती वाफ द्यायची. आणि गर्दीच्या बंद हॉलमध्ये जाम उकडतं. मी भिंतीला टेकून उभी होते.

धागाकर्ती :
बापरे, उलटा करून बघायचं कधी सुचलंच नाही! मैत्रीण विचारतेय की दुकानातला ड्रेस घेऊन अंगाबरोबर करून घ्यावा की कापड घेऊन शिवूनच घ्यावा? तिचा वरचा भाग बारीक आहे आणि नितंब रुंद, कुठलाच तयार साइझ दोन्हीकडे बसत नाही.

प्रतिसाद :
मी शिवणकाम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तयार ड्रेस नेहमी शरीराच्या सगळ्यांत रुंद भागाच्या मापाने घ्यायचा आणि बाकीचा आत घ्यायचा. मैत्रिणीने नितंबांवर बसेल तो घ्यावा. बाजूच्या शिलाया आत घेणं आणि लांबी कमी करणं ही सोपी कामं. कमर घेता येते, पण मध्ये चेन असेल तर ती उसवून परत लावावी लागते, मजुरी वाढते. खांदा आणि मुंढा (बाही जोडतात तो घेर) मात्र घेतानाच नीट बसला पाहिजे. तिथे हात घालणं म्हणजे अर्धा ड्रेस उसवणं. सैल करायचा असेल तर सगळं मायेवर अवलंबून. सॅटिनमध्ये तर माया असूनही जुन्या शिलाईची भोकं दिसत राहतात.

तिप्पट बजेट असेल तर सगळं ड्रेसवर उडवू नका, पाचवा हिस्सा मजुरीसाठी बाजूला काढा. मधल्या किमतीचा ड्रेस अंगाबरोबर करून घेतला की दुप्पट किमतीच्या ढगळ ड्रेसपेक्षा उजवा दिसतो, हे मी रोज बघते. तुमच्या मैत्रिणीच्या बांध्याला कमरेशी बसणारा आणि खाली घेर सुटणारा प्रकार सोपा जाईल. नाहीतर रॅप ड्रेस, म्हणजे अंगाभोवती गुंडाळून बांधायचा, कारण तो कमरेला आपणच हवा तसा बांधतो. डिझायनर डायान फॉन फुरस्टेनबर्गने १९७४ मध्ये जर्सीचा रॅप ड्रेस बाजारात आणला, तो अजून टिकून आहे तो त्यामुळेच. छातीशी आतून एक छोटं प्रेस बटण लावा, वाकल्यावर उघडायची भीती नको.

कोरा शिवायचा तर तीन आठवडे काठावरचे आहेत. आधी साध्या सुती कापडात कच्चा शिवून अंगावर बघावा लागतो. तेवढा वेळ शिवणाऱ्याकडे असेल तरच.

आणि हो, फिटिंगला येताना त्या दिवशी घालणार तीच चप्पल आणि तेच आतले कपडे घालून या. सपाट चपलेवर माप देतात आणि मग उंच टाचा घालून "लांबी कमी केलीत" म्हणून माझ्याशीच भांडतात.

प्रतिसाद :
सीनियर बाईंसाठी. महाग ड्रेसमधले पैसे बरेचसे आत शिवलेले असतात. बिनपट्ट्यांचा ड्रेस घ्या उदाहरणार्थ. स्वस्तातला वरच्या इलॅस्टिकवर लटकतो, म्हणून सारखा वर ओढावा लागतो. चांगल्या ड्रेसच्या आत आधाराला उभ्या काड्या शिवलेल्या असतात आणि कमरेशी एक न ताणणारी फीत, ती हुकांनी आधी आवळायची आणि मग वरून चेन. ड्रेसचा भार कमरेवर येतो, छातीवर नाही. आत फीत नसेल तर किमतीची चिठ्ठी पुन्हा एकदा वाचायला सांगा.

दुसरं म्हणजे तिरक्या धाग्यावर कापलेला, ज्याला आपण उरेब म्हणतो. फ्रेंच डिझायनर मादलेन व्हिओनेने १९२०च्या दशकात हे तंत्र गाजवलं. कापड जास्त लागतं, कापणारा हात तयार लागतो, आणि कड शिवण्याआधी ड्रेस टांगून ठेवावा लागतो, कारण कापड स्वतःच्या वजनाने खाली उतरतं आणि तेही सगळीकडे सारखं नाही. इथे मोजलेले पैसे चालताना दिसतात.

टिकल्यांचा भरगच्च ड्रेस तेवढा विकत घेऊ नये असं माझं मत. लक्षात राहतो, म्हणून दुसऱ्यांदा घालवत नाही. आत घ्यायचा तर शिलाईजवळची एकेक टिकली हाताने काढून परत लावावी लागते. तसला हवाच असेल तर भाड्याने घ्या, पण आधी अंगावर घालून बघा, आणि डाग पडला तर किती कापणार ते लिहून घ्या.

प्रतिसाद :
रंगाचं कुणीच बोललं नाही. गडद हिरवा, वाइन, नेव्ही, बिनधास्त घ्या. फक्त नेव्ही पिवळ्या दिव्यात काळाच दिसतो, त्यामुळे "काळा नको" म्हणून घेत असाल तर फसाल. पातळ कापड असेल तर मैत्रिणीला फ्लॅश लावून फोटो काढायला सांगा, आरशात न दिसणारं सगळं त्यात दिसतं. ट्रायल रूममध्ये बसून बघा, दोन्ही हात वर करून बघा, खाली पडलेली पर्स उचलून बघा. लाजू नका, पडदा लावलेला असतो.

धागाकर्ती :
सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिघी जाऊन आलो. मी पहिले चार ड्रेस न घालताच, नुसते उलटे करून परत केले. पाचवा गडद हिरव्या क्रेपचा, पूर्ण अस्तराचा, बाही कोपरापर्यंत. मुठीची परीक्षा पास. लांबी नेमकी पोटरीच्या रुंद भागावर येतेय, ती दोन बोटं वर घ्यायचीय, आणि तेवढे पैसे उरलेत. मैत्रिणीने नितंबांच्या मापाचा नेव्ही घेतला, वर चार बोटं सैल आहे. सीनियरने आत फीत आहे का विचारल्यावर विक्रेतीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांनी शेवटी टिकल्यांचाच घेतला, आणि विकतच.

उद्या आम्ही दोघी शिवणाऱ्या ताईंकडे जातोय. चपला आत्ताच पिशवीत भरून ठेवल्यात.