अनुभव धागा : गेम रंगात आला की पीसी बंद पडतो. तुमच्याकडे काय निघालं?

दिवसभर ऑफिसचं काम, सिनेमे, सगळं सुरळीत चालतं आणि ऑनलाइन मॅच सुरू झाली की पीसी खटकन बंद. ही तक्रार इतक्या घरांतून ऐकतोय की सगळ्यांचे अनुभव एका जागी जमवावेत असं वाटलं. अशा वेळी पहिला सल्ला मिळतो 'विंडोज पुन्हा टाका', दुसरा 'ग्राफिक्स कार्ड गेलं'. कारण मात्र अनेकदा तिसरंच निघतं, आणि तोवर घरातल्यांचे पैसे खर्च झालेले असतात.

लिहिताना एवढं नक्की सांगा. वीज गेल्यासारखा एकदम काळोख झाला, की निळा स्क्रीन येऊन पीसी पुन्हा सुरू झाला? गेम उघडताक्षणी, की अर्ध्या तासाने? यूपीएस वाजला का? निम्मं निदान इथेच होतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (पीसीत काय घडलं त्याची नोंदवही) 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद जवळपास प्रत्येकाला दिसेल, तिच्यात अडकू नका. विंडोज नीट बंद न होता पीसी पुन्हा सुरू झाला, एवढाच तिचा अर्थ. का, ते ती सांगत नाही.

सुरुवात माझ्या भावाच्या पीसीपासून करतो. नवं कार्ड घातलं, एसएमपीएस (पीसीतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) मात्र कॅबिनेटसोबत आलेला जुनाच. मेनू, नकाशा, पळापळ सगळं ठीक. मोठी चकमक झाली की काळोख. तापमान सत्तरीच्या वर जात नव्हतं. सेटिंगमध्ये फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० वर बांधला आणि बंद पडणं थांबलं, तेव्हा संशय विजेवर गेला. आजची ताकदवान कार्डं काही मिलिसेकंदांसाठी सरासरीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतात. एसएमपीएसला ते झेपलं नाही की त्याचं संरक्षण सर्किट सगळंच तोडतं. आमच्याकडची खूण अशी की नुसतं बटण दाबून पीसी सुरू होत नसे, मागचा स्विच बंद-चालू करावा लागे. चांगला ६५० वॉटचा एसएमपीएस घेतला आणि कार्डाच्या दोन सॉकेटना दोन वेगळ्या केबल दिल्या. ८ पिनांचं एक सॉकेट १५० वॉटसाठी असतं. एकाच केबलच्या दोन शेपट्यांवर सगळा भार टाकू नये. कार्ड होतं तेच आहे, छान चालतंय.

नागपूर

आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश, खोलीतही अंग भाजतं. माझा पीसी साधारण वीस मिनिटांनी बंद पडायचा, पण त्याआधी गेम अडखळायला लागायचा. ही खूण फार महत्त्वाची आहे. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर पीसी बंद होतो. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्राम लावून खेळले तर आकडा १०० ला टेकलेला. कॅबिनेट उघडलं तेव्हा धूळ होतीच, शिवाय हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) चार प्लास्टिक खुंट्यांपैकी एक सुटली होती. म्हणजे हीटसिंक एका कोपऱ्यात प्रोसेसरला टेकतच नव्हता. दोघांमधली जुनी थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) पुसून नवी लावली, खुंट्या आडव्या-तिडव्या क्रमाने दाबल्या, आकडा ७५ च्या आसपास आला.

विदर्भातल्यांना कळकळीने सांगते, कॅबिनेटचं झाकण काढून समोर डेझर्ट कूलर लावू नका. ती हवा ओली असते. आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, जोरात फिरली तर पंखा खराब होतो.

ठाणे

मी गेम खेळत नाही, मुलगा खेळतो. मॅच अर्धवट सुटली की त्याची रँक घसरायची, पुन्हा खेळायला थांबावं लागायचं, आणि टीममधली मुलं त्याला पळपुटा म्हणायची. तो रडवेला व्हायचा, म्हणून हे लिहितेय. बंद पडताना दर वेळी यूपीएस लांब शिटी द्यायचा, ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. दुरुस्तीवाल्या दादांनी पीसी थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून खेळायला सांगितलं आणि संध्याकाळभर काही झालं नाही. आमचा यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे प्रत्यक्षात साधारण ३६० वॉटचा. गेममध्ये पीसी आणि मॉनिटर मिळून त्याहून जास्त मागत होते, त्यात बॅटरी जुनी. ११०० व्हीएचा घेतला. व्हीए म्हणजे वॉट नव्हे, हे दुकानात कुणीच सांगत नाही.

कोल्हापूर

दुरुस्तीचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर.

मी आधी भिंतीकडं बघतो, पीसीकडं नंतर. एक्स्टेन्शन बोर्डात प्लग सैल असतो, पिन काळी पडलेली असते. कमी भारावर चालून जातं, गेममध्ये विजेची मागणी वाढली की तिथंच ठिणगी उडते. मग कॅबिनेटचं बटण. आत अडकलेलं बटण चार-पाच सेकंद दाबून धरल्यासारखंच, आणि तेवढ्यात पीसी सक्तीनं बंद होतो. मदरबोर्डवरची त्याची वायर काढून ठेवायची आणि चालवून बघायचं. याला एक रुपया लागत नाही.

त्यानंतर भार टाकून बघायचा. त्यासाठी प्रोग्राम मिळतात. ओसीसीटीनं फक्त प्रोसेसर, फरमार्कनं फक्त कार्ड, मग दोन्ही एकदम. एकेकटे टिकतात आणि एकत्र पडतात, तर माझा संशय एसएमपीएसवर. एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम, केबल, ड्रायव्हर सगळं एकदम बदललं तर बरं कशानं झालं ते कळत नाही. आणि हात जोडून सांगतो, एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

रत्नागिरी

आमचा बंद होऊन लगेच पुन्हा सुरू व्हायचा, तोही पावसाळ्यातच. विंडोजच्या सेटिंगमधली 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढली तेव्हा निळा स्क्रीन थांबून दिसला, मेमरीची चूक. खारी, दमट हवा. रॅम काढून सोनेरी पट्ट्या मऊ खोडरबराने साफ केल्या, रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवला, एकही चूक नाही.

छत्रपती संभाजीनगर, वसतिगृह

माझा लॅपटॉप आहे. गादीवर ठेवला की खालच्या जाळ्या झाकतात, ते ठाऊक होतं. नवीन कळलं ते चार्जरचं. मित्राचा कमी वॉटचा चार्जर लावला होता, गेममध्ये चार्जिंग चालू असतानाही बॅटरी उतरत जायची आणि शेवटी बंद. स्वतःचा आणल्यापासून ठीक.

पुणे

माझा मॅचमध्ये नाही, लॉबीत (मॅच सुरू होण्याआधी थांबायची जागा) बंद पडायचा! लॉबीत दाखवायला फारसं काही नसतं, म्हणून कार्ड सेकंदाला शेकडो फ्रेम काढत बसतं आणि पूर्ण ताकदीने तापतं. जुलै २०२१ मध्ये 'न्यू वर्ल्ड' या गेमच्या बीटाच्या (चाचणी आवृत्तीच्या) वेळी काही आरटीएक्स ३०९० ग्राफिक्स कार्डं निकामी झाली होती. त्यातल्या काही कार्डांत मुळात सोल्डरिंगचा दोष निघाला, तरी मेनूतही फ्रेमला मर्यादा हवी, हे तेव्हा सगळ्यांना पटलं. ड्रायव्हरमध्येच मर्यादा घालून ठेवा.

नाशिक

माझं अजून सुटलेलं नाही. दुपारी तासन्‌तास खेळतो, काही होत नाही. रात्री नवानंतर दोन-तीनदा काळोख, निळा स्क्रीन नाही. तापमान ठीक, एसएमपीएस नवा. यूपीएस नाही. कोल्हापूरच्या दादांनी काही सुचवावं.

कोल्हापूर

रात्री नवानंतर घरात एसी लागतो का? कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर बसतं. भार असताना एसएमपीएस मिलिसेकंदांत मोजावा एवढाच वेळ तग धरतो. दुपारी मुद्दाम एसी लावून खेळून बघा. तेव्हाही पडला तर इलेक्ट्रिशियनकडून दोघांची लाइन वेगळी करून घ्या, आणि अर्थिंगही तपासून घ्या. काय होतंय ते इथंच लिहा, मी बघतो.