प्रतिसाद: बेड बाथ अँड बियाँड आणि ते निळे कूपन

बेड बाथ अँड बियाँड या अमेरिकेतल्या घरसामानाच्या दुकानसाखळीला ॲमेझॉनने खाल्लं, असं म्हणतात. अर्धंच खरं आहे. बाकीचं काम घरच्यांनीच केलं.

1971 साली न्यू जर्सीत आयझेनबर्ग आणि फाइनस्टाइन या दोघांनी चादरी-टॉवेलचं दुकान काढलं. छतापर्यंत रचलेला माल, कुठल्या शाखेत काय ठेवायचं ते बरंचसं तिथल्या मॅनेजरने ठरवायचं, आणि 20 टक्के सवलतीचं ते निळं कूपन! मुदत संपलेलं कूपनही काउंटरवर बिनबोभाट चालायचं. अमेरिकेत नवा संसार मांडणाऱ्या आपल्या कितीतरी मंडळींच्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये त्यांची चळत असायची.

2019 मध्ये टार्गेट या दुसऱ्या अमेरिकन दुकानसाखळीतून कंपनीचे प्रमुख म्हणून आलेल्या मार्क ट्रिटन यांनी नेमकी हीच घडी मोडली. कूपनं आवरती घेतली, ओळखीचे ब्रँड मागे सारून कंपनीचे स्वतःचे ब्रँड पुढे आणले. गिऱ्हाईक यायचं ते ठरावीक मिक्सरसाठी, आणि फळीवर भलतंच काहीतरी. (टार्गेटमध्ये चाललं म्हणून इथेही चालेल, हा हिशेब मला तरी कधी कळला नाही.)

त्याहून मोठं भोक तिजोरीला. 2004 पासून स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यात हजार कोटी डॉलरहून जास्त गेले. एप्रिल 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. मग ओव्हरस्टॉक या ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीने नाव वगैरे उचललं, 2 कोटी 15 लाख डॉलरला.