मित्र ताऱ्याजवळचा तो ठिपका: आत्ताच 'ग्रह' म्हणायचं का?

सांजतारा
जेम्स वेब दुर्बिणीला अल्फा सेंटॉरी ए जवळ संभाव्य ग्रह दिसल्याचं ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालं. अल्फा सेंटॉरी म्हणजे नरतुरंगातला आपला मित्र तारा. नुसत्या डोळ्यांना एकच दिसतो, पण साध्या दुर्बिणीतून त्याचे दोन होतात, त्यातला मोठा तो ए. तेव्हापासून जो तो 'शेजारच्या सूर्याचा ग्रह सापडला' असंच सांगतोय. 'संभाव्य' हा शब्द कधीच गळून पडला. मला हे अजिबात पटत नाही.

दिसलं काय, तर ऑगस्ट २०२४ च्या अवरक्त प्रतिमेत, ताऱ्याचा झगमगाट झाकल्यावर उरलेला एक ठिपका. ताऱ्याच्या दहा हजार पटींहून मंद. फेब्रुवारी आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा पाहिलं, तेव्हा तो तिथे नव्हता.

याच जोडीने आपल्याला एकदा फसवलंय. २०१२ मध्ये बी ताऱ्याभोवती ३.२४ दिवसांत फेरी मारणारा पृथ्वीएवढा ग्रह जाहीर झाला होता. पुरावा म्हणजे ग्रहाच्या ओढीने ताऱ्याचं सेकंदाला ५१ सेंटिमीटर मागेपुढे होणं. आपण रमतगमत चालतो त्याहूनही हा वेग कमी! २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने ग्रह नसलेल्या ताऱ्याची कृत्रिम आकडेवारी बनवली, निरीक्षणांच्या वेळा मात्र मूळच्याच ठेवल्या. त्यातूनही तोच ३.२४ दिवसांचा ग्रह बाहेर आला. म्हणजे तो ग्रह आकाशात नव्हताच, वेळापत्रकात होता. तीन वर्षं मी तो लोकांना सांगत होतो, म्हणून आता जीभ आवरतो.

ध्रुवपद
असहमत. २०१२ आणि आत्ताची गोष्ट एका मापाने मोजू नका. तेव्हा ताऱ्याच्या डुलण्यावरून ग्रहाचा अंदाज बांधला होता. इथे प्रत्यक्ष प्रकाश टिपलाय.

आणि 'पुन्हा दिसला नाही' एवढंच सांगणं अर्धवट आहे. ग्रह फिरतो. ताऱ्याच्या अगदी जवळ आला की झाकलेल्या भागात जातो आणि दिसेनासा होतो. संशोधकांनी लाखो संभाव्य कक्षा संगणकावर चालवून पाहिल्या. त्यातल्या जवळपास निम्म्या कक्षांमध्ये त्या दोन्ही वेळी ग्रह लपलेलाच असता.

आता अतिसावधपणाची किंमतही ऐका. वृषपर्वा तारकासमूहातला गॅमा सेफी, सुमारे ४५ प्रकाशवर्षांवर. हाही जोडतारा. १९८८ मध्ये तिथे ग्रहाची चाहूल लागली होती. १९९२ मध्ये त्याच गटाने ती बहुधा ताऱ्याच्या स्वतःच्या फिरण्यामुळे असावी म्हणून सोडून दिली. २००३ मध्ये ग्रह पक्का झाला. होताच तो तिथे! ती चाहूल तेव्हा सोडून दिली नसती तर परग्रहांचा इतिहास वेगळ्या ताऱ्यापासून सुरू झाला असता. मला ही गोष्ट आठवली की आजही हळहळ वाटते.

लंबवर्तुळ
मूळ प्रश्नावर नंतर येतो. आधी एक विचारतो: दोन सूर्यांच्या ओढाताणीत ग्रह टिकेल कसा? ए आणि बी एकमेकांभोवती सुमारे ८० वर्षांत फिरतात आणि जवळ येतात तेव्हा त्यांच्यात ११ खगोलीय एककांचंच (पृथ्वी ते सूर्य अंतर म्हणजे एक एकक) अंतर उरतं. आपल्या सूर्यापासून शनी जेवढा लांब, त्याहून जरासं जास्त. हा ठिपका शनीएवढ्या वस्तुमानाचा ग्रह असावा म्हणतात, तो तिथे जन्मला कसा, हे कोणी समजावल्याशिवाय मी तरी विश्वास ठेवणार नाही.

ध्रुवपद
@लंबवर्तुळ, टिकण्याचा प्रश्न गणिताने सुटलाय. ए पासून सुमारे तीन खगोलीय एककांच्या आत ग्रह सुखाने राहू शकतो, आणि हा ठिपका सुमारे दोनवर दिसला. जन्माचा प्रश्न खरा आहे. दुसरा तारा ग्रह घडवणारी वायू-धुळीची तबकडी बाहेरून कुरतडतो, कच्चा माल कमी पडतो. पण गॅमा सेफीचे दोन तारे सरासरी २० खगोलीय एककांवर आहेत, म्हणजे जवळपास मित्राच्या जोडीसारखेच, आणि तिथला ग्रह गुरूहून जड आहे. कसा झाला हे सांगता येत नाही म्हणून तो नाहीच, असं कसं म्हणणार?

खगोलवेडी
मी सांजतारा यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. शाळेतल्या मुलांना आकाश दाखवते. बातमीनंतर एका मुलीने विचारलं, "तिथे माणसं राहतील का?" ग्रह असलाच तर शनीच्या वस्तुमानाचा वायूचा गोळा, उभं राहायला जमीनच नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. शिवाय असा दांडगा ग्रह लांबट कक्षेत एक-दोन एककांच्या पट्ट्यात फिरत असेल, तर तिथे पृथ्वीसारख्या ग्रहाला जागा उरणं कठीण. ज्या बातमीवर लोक हरखलेत, ती खरी ठरली तर दुसरी पृथ्वी सापडायची आशा उलट कमी होते!

त्यापेक्षा प्रॉक्झिमाबद्दल बोला ना. याच कुटुंबातला तिसरा, लहानसा लाल तारा, ४.२४ प्रकाशवर्षांवर. त्याचा ग्रह २०१६ मध्ये सापडला, फेरी ११.२ दिवसांची, आणि नंतरच्या स्वतंत्र मोजमापांतही तो टिकला. पक्का ग्रह घरात असताना संशयिताचा एवढा गाजावाजा कशाला?

सांजतारा
@ध्रुवपद, गॅमा सेफीचं उदाहरण मनाला लागलं. जाहीर करू नका, असं मला म्हणायचंच नव्हतं. जाहीर केलंच पाहिजे, नाहीतर पुन्हा बघणार कोण? माझा आक्षेप 'संभाव्य' गाळण्यावर आहे आणि तो कायम आहे. गॅमा सेफीचा ग्रहसुद्धा २००३ लाच ग्रह झाला, १९८८ ला नाही.

ध्रुवपद
इथवर मान्य. ग्रह खरा असेल तर त्याची फेरी दोन-तीन वर्षांची आहे, म्हणजे तो ताऱ्याच्या आडून बाहेर येणारच. तेव्हा गणिताने सांगितलेल्या जागी ठिपका दिसला, तर 'संभाव्य' काढाल ना?

सांजतारा
त्याच दिवशी.