मदत हवी आहे: बीटी असूनही गुलाबी बोंडअळी, आणि आता गावात ‘चोर बीटी’ची पाकिटं

वणीकर_पुण्यात

नमस्कार मंडळी,

शेती वणी तालुक्यात आहे, मी नोकरीनिमित्त पुण्यात. बाबा आणि धाकटा भाऊ मिळून कपाशी करतात, मध्ये तुरीच्या ओळी. जमीन मध्यम, ओलिताची सोय नाही. बियाणं दरवर्षी परवानाधारक दुकानातून, बिलासकट आणतात, बोलगार्ड-2चंच, म्हणजे बोंडअळी मारणारं जनुक घातलेलं बीटी. तरी दिवाळीनंतर बोंडं फोडली की आत गुलाबी अळी असते. शेवटच्या वेच्यांना कवडीच (अळीने खराब केलेला कापूस) जास्त निघते आणि व्यापारी भाव पाडतो.

यंदा गावात एक जण बिनबिलाची पाकिटं विकतोय. म्हणतो, ‘हे नवीन बीटी आहे. याला गुलाबी अळी लागत नाही, वरून तणनाशक मारलं तरी झाड मरत नाही.’ निंदणाला मजूर मिळत नाहीत, त्यामुळे भावाचं मन तिकडे ओढलं गेलंय. बाबा नको म्हणतात, पण का नको ते त्यांना नीट सांगता येत नाही. मलाही येत नाही, म्हणून हा धागा.

नेमकं हवंय ते असं. बीटी असताना ही अळी मरत का नाही? त्या माणसाचं म्हणणं किती खरं? आणि या खरिपात काय केलं तर फरक पडेल?

जाता जाता आईचा प्रश्न: बीटीच्या सरकीची ढेप गाईला घातलेली चालते ना?

काळी_माती

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सावकाश देतो. दुसऱ्याचं आत्ताच: घेऊ नका. त्या बियाण्याला परवानगी नाही आणि बिल नाही. उगवलं नाही तर तक्रार कोणाकडे करणार? कृषी विभागाची धाड पडली तर विकणारा पसार होतो आणि शेत तुमचं असतं.

अकोटचा_भाऊ

वणीकर भाऊ, 2019 मध्ये आमच्या तालुक्यात अकोली जहाँगीरला शेतकरी संघटनेनं हेच बियाणं जाहीरपणे पेरलं होतं, कायदा मोडून. तंत्रज्ञान मिळालंच पाहिजे या मागणीशी मी आजही सहमत आहे. पण मागणी वेगळी आणि गावात फिरणारं पाकीट वेगळं. त्या पाकिटात काय हाये, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

आणि तुम्ही तूर घेता ना? तणनाशकाला दाद देत नाही ते कपाशीचं झाड. तूर कशी वाचणार? भावाला एवढं एकच विचारा.

प्रयोगशाळेतली

मी जीवतंत्रज्ञानात काम करते, म्हणून पहिल्या प्रश्नावर जरा लांब लिहिते.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू. त्यातलं अळीला मारक प्रथिन बनवणारं जनुक कापून कपाशीत बसवलं, तेच बीटी. भारतात मार्च 2002 मध्ये पहिल्या वाणांना परवानगी मिळाली, त्यांत क्राय-1-एसी हे एकच जनुक होतं. 2006 मध्ये बोलगार्ड-2 आलं, त्यात क्राय-2-एबी वाढवलं. हे प्रथिन अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात सक्रिय होतं, आतड्याच्या भिंतीवरच्या ठरावीक ग्राहींना (प्रथिन पकडणाऱ्या जागांना) चिकटतं आणि भिंतीला भोकं पाडतं. ज्या अळीत ते ग्राहीच बदललेले असतात, तिच्यावर परिणाम होत नाही. ती जगते आणि तिची पिल्लंही तशीच निघतात.

हिरव्या बोंडअळीवर बीटी अजून बऱ्यापैकी चालतं. ती तूर, हरभरा, टोमॅटो, काहीही खाते, त्यामुळे बीटीची सवय नसलेले पतंग बाहेर भरपूर राहतात आणि प्रतिकारक पतंगांशी त्यांचा संकर होत राहतो, म्हणून प्रतिकार पसरत नाही. गुलाबी अळी जवळजवळ कपाशीवरच जगते. तिच्यासाठी असे पतंग मुद्दाम राखावे लागतात, म्हणून 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम बिगरबीटी बी मिळायचं. ते किती जणांनी पेरलं हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. आता 475 ग्रॅमच्या पिशवीत ते मिसळूनच येतं.

आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. आपल्याकडची बहुतेक बीटी कपाशी संकरित. जनुकं बहुधा एकाच पालकाकडून आलेली असतात, म्हणून बोंडातली सरकी एकसारखी नसते. दोन जनुकं धरली तर 16 सरक्यांमध्ये साधारण 9 मध्ये दोन्ही, 6 मध्ये एकच आणि एकीत एकही नाही. गुलाबी अळी बोंडाच्या आत सरकीच खाते. म्हणजे तिला कुठे पूर्ण मात्रा, कुठे अर्धी, कुठे काहीच नाही. प्रतिकार तयार व्हायला याहून सोयीची जागा नाही. गुजरातेत आधी क्राय-1-एसीला, मग बोलगार्ड-2लाही ती पुरून उरली, आणि 2017 चा हंगाम विदर्भाने भोगला.

अमेरिकेत ऑक्टोबर 2018 मध्ये ही कीड संपल्याचं जाहीर झालं. तिथे बीटीसोबत वांझ पतंग सोडणं, कामगंध (मादीच्या वासाने नर पतंगांना भुलवणं) आणि पऱ्हाटीचा (वेचणीनंतर उरलेल्या कपाशीच्या झाडांचा) नायनाट हे सगळं एकत्र केलं होतं. एकटं जनुक तिथेही पुरलं नसतं.

तुमच्या गावातल्या ‘नव्या’ पाकिटाबद्दल: तणनाशक सहन करणारं जनुक वेगळं, त्याचा अळीशी काही संबंध नाही. त्यात बीटी असलंच तर हीच जुनी जनुकं असतात. गुलाबी अळी लागत नाही, हे सरळ खोटं आहे.

ढेप खुशाल घाला. गाईच्या पोटात ते ग्राही नसतात, प्रथिन इतर प्रथिनांसारखंच पचतं. मधुमेहींचं इन्सुलिनही 1982 पासून याच तंत्राने, जिवाणूत किंवा यीस्टमध्ये माणसाचं जनुक घालून बनतं. तिथे काम बंद टाकीत चालतं, समोर बदलणारी अळी नसते. शेतातलं जनुक म्हणून लवकर म्हातारं होतं.

काळी_माती

ताईंनी ‘का’ सांगितलं, मी ‘काय’ सांगतो.

धूळपेरणी (पावसाआधी कोरड्यात पेरणं) नको, जूनमध्ये पुरेसा पाऊस झाल्यावरच पेरा. वाण कमी दिवसांचं घ्या, 150-160 दिवसांत आटोपणारं. लांब मुदतीच्या वाणात अळीला एक पिढी जास्त मिळते. सूरज, रजत यांसारख्या सरळ (संकरित नसलेल्या) बीटी वाणांची चौकशी नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत करा. त्यांचं बी घरचं ठेवता येतं.

पेरणीनंतर दीड महिन्याने कामगंध सापळे, एकरी 2. सलग तीन रात्री एका सापळ्यात 8 किंवा जास्त पतंग आले तर सावध व्हा. डोमकळ्या (अळी लागल्याने न उमलणारी फुलं) दिसल्या की तोडून नष्ट करा. पुढे दर आठवड्याला वेगवेगळ्या झाडांची 20 हिरवी बोंडं फोडा. दोनांत अळी सापडली तर फवारणीची वेळ झाली. वरून बोंड चांगलंच दिसतं, त्यामुळे फोडल्याशिवाय कळत नाही.

फवारणीत औषधांची मिसळ नको, हातमोजे-मास्कशिवाय तर नकोच. 2017 मध्ये तुमच्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली आहेत.

आणि डिसेंबरअखेर पीक संपवा. फरदड (हंगाम संपल्यावर तेच पीक पुढे राखणं) अजिबात नको, त्या चार बोंडांत पुढच्या वर्षाची अळी झोपलेली असते.

वणीकर_पुण्यात

सगळ्यांचे आभार. तुरीचा मुद्दा भावाला फोनवर सांगितला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, ‘हे त्या माणसानं सांगितलं नाही.’ पाकीट घेणार नाही म्हणालाय, पण निंदणाचं कसं करायचं हा त्याचा प्रश्न कायम आहे. सध्या डवरणीवर (डवऱ्याने ओळींमधलं तण काढण्यावर) भर द्यायचं ठरतंय.

एक राहिलं. फरदड आम्ही घेत नाही, पऱ्हाटीही काढून टाकतो, तरी सप्टेंबरातच पतंग दिसतात. शेताजवळ जिनिंग (कापसातून सरकी काढणारा कारखाना) आहे. त्याचा संबंध असेल का?

अकोटचा_भाऊ

असतो ना भाऊ! किडका कापूस तिथंच येते, सरकीतल्या अळीचे कोष तिथंच फुटतात. जिनिंगवाल्याशी बोलून आवारात सापळे लावून घ्या, आणि तुमचे सापळे त्याच बाजूच्या धुऱ्यापासून लावत या. बाजूच्या दोन-चार शेतकऱ्यांनाही सोबत घ्या, एकट्याच्या सापळ्यानं भागत नाही.