सोसायटीत नाताळ कशाला?

कोथरूडकर_७०: सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आलाय. २५ तारखेला क्लबहाऊसमध्ये ख्रिसमस पार्टी, घरटी तीनशे रुपये, वॉचमनला सांता करणार. मी विरोध केला तर मीच मागासलेला. अहो, आमच्या इमारतीत एकही ख्रिस्ती कुटुंब नाही! ज्यांचा सण आहे त्यांनी तो आपापल्या चार भिंतींत खुशाल करावा. हल्ली बरेच जण त्या दिवशी तुळशीपूजन करतात, आपणही तेच करू. मतं मांडा.

पंचहौदची_लेक: करंज्यांचं पीठ झाकून ठेवून लिहायला बसलेय, कारण ते 'चार भिंतींत' डोक्यात गेलं.

आम्ही मराठी ख्रिस्ती. मूळचे नगरकडचे, पणजोबांपासून पुण्यात. डिसेंबर अर्धा झाला की घरात करंज्या, चकल्या, शेव, रव्याचे लाडू सुरू. केकही असतो, पण शेजारी वाट बघतात ती फराळाच्या ताटाची. दिवाळीला त्यांचं ताट आमच्याकडे आलेलं असतं, ते रिकामं परत पाठवायची आमच्यात पद्धत नाही. दारात चांदणी टांगतो ती रस्त्यावरून दिसावी म्हणूनच. चोवीसच्या रात्री आमची तरुण मंडळी पेटी, तबला, झांजा घेऊन घरोघर गात फिरतात. गातात काय? निम्मी भजनं रेव्हरंड ना. वा. टिळकांची. शाळेत 'फुलामुलांचे कवी' म्हणून शिकवले ना, तेच. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले हे गुरुजी बहुधा सांगायचे राहिले. वाड्यात राहत होतो तेव्हा समोरच्या जोशीकाकू या पोरांना थांबवून जायफळाची कॉफी पाजायच्या आणि एक अभंग जास्तीचा म्हणून घ्यायच्या.

आता चार भिंतींत म्हणजे काय, पेटीवर गोधडी टाकून गायचं?

तुमच्या त्या सांताशी मला काही देणंघेणं नाही. लाल टोपी, दाढीला कापूस हे आमच्या आजीलाही हास्यास्पद वाटायचं. तुम्हाला तो नको असेल तर नका आणू. पण तो नकोसा झाला म्हणून भिंत मला का दाखवता?

तिरपागडा: तुळशीचं लग्न कार्तिकातच लागलं ना? मग २५ डिसेंबर कुठल्या पंचांगात सापडला? हे तुळशीपूजन २०१४ पासूनचं आहे, आमच्या फ्रिजपेक्षा नवीन.

दोन_मुलींची_आई: सांतावरून आठवलं. लेकीच्या शाळेने (नाव नको) लाल फ्रॉक, टोपी आणि 'सिक्रेट सांता'साठी भेटवस्तू सक्तीची केली. त्याच शाळेत संक्रांतीला तिळगूळ पाठवला तर डबा परत, 'गोड आणू नये' अशी चिठ्ठी लावून. एकदाच घातलेला लाल फ्रॉक हवाय का कोणाला? सहा वर्षांच्या मुलीचा आहे.

लष्करातला: माझं म्हणणं वेगळं. उघडपणे साजरा करा, पण गाड्या घरी ठेवा. २४, २५ आणि ३१ ला एमजी रोडच्या आसपास राहून बघा. आमच्या फाटकासमोर गाडी लावून गेलेला माणूस आजवर ख्रिस्ती निघालेला नाही. सगळे कोथरूड नाहीतर सदाशिव पेठ.

भारद्वाज: मुळात २५ डिसेंबर बायबलात नाहीच. जुनी नोंद रोमची, ३३६ सालची. आणि करंज्यांचं कौतुक पुरे. दुष्काळात धान्यासाठी बाटलेल्यांनी परंपरेच्या गप्पा माराव्यात म्हणजे कमाल आहे.

पंचहौदची_लेक: होय, १८७६ च्या दुष्काळानंतरच. माझ्या खापरपणजोबांना मिशनने काम दिलं, जेवू घातलं. गावच्या विहिरीला हात लावू न देणाऱ्यांच्या पतवंडांनी मला धान्याचा हिशोब मागू नये. तारखेचं म्हणाल तर बायबलात नाही हे आमचे पाळकही सांगतात. करंजी तरी कुठे आहे बायबलात?

जुना_पेठकर: जरा थंड घ्या सगळे. पुण्याचं हे दुखणं जुनंच आहे. १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये लोकमान्य टिळक, रानडे, गोखले चहा प्यायले आणि केवढं ग्रामण्य झालं, थेट वाळीत टाकण्यापर्यंत!

भारद्वाज: टिळक प्यायले नाहीत. कप नुसता हातात घेतला होता.

जुना_पेठकर: मग शंकराचार्यांनी चौकशीला नेमलेल्या कमिशनपुढे 'काशीला प्रायश्चित्त घेतलंय' असं का सांगितलं? नुसत्या कपाचं प्रायश्चित्त असतं होय?

तिरपागडा: या प्रकरणातला खरा कलाकार गोपाळराव जोशी, डॉ. आनंदीबाईंचे यजमान. लोकांना तिथे न्यायचं आणि मग नावं 'पुणे वैभव' वर्तमानपत्रात छापायची! त्या काळचा स्क्रीनशॉटच हो.

भारद्वाज: आणि रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतलं, त्यावर सुधारक गप्प.

जुना_पेठकर: मित्रांच्या आग्रहाखातर घेतलं. बहिष्कार काय असतो तुम्हाला ठाऊक नाही म्हणून बोलता. आमच्या पणजोबांच्या थोरल्या भावाने मिशनमध्ये बिस्किट खाल्ल्याचा नुसता संशय होता, तर दोन वर्षं भटजी दारात उभा राहिला नाही. बिचाऱ्याला बिस्किट आवडायचंही नाही म्हणे.

भारद्वाज: ऐकीव गोष्टी पुरावा नसतात.

जुना_पेठकर: कप हातात घेतल्याचा तुमचा पुरावा द्या मग. मी थांबतो.

लष्करातला: पार्किंगवर एकही उत्तर नाही. नेहमीप्रमाणे.

पंचहौदची_लेक: चहावर वीस पोस्टी पडतील, माहीत होतं. मी एवढंच सांगते. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च १७९२ चं, जागा पेशव्यांनी दिलेली, सवाई माधवरावांच्या काळात. फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते, त्यांच्या उपासनेची सोय हवी होती. शनिवारवाड्यावरून दिसत असूनही पेशव्यांना जे खुपलं नाही, ते तुमच्या मॅनेजिंग कमिटीला खुपतंय. मी आता करंज्या तळायला जाते.

भारद्वाज: शनिवारवाड्यावरून सिटी चर्च दिसत नाही.

कोथरूडकर_७०: थेट पेशव्यांनाच मध्ये आणल्यावर आमच्यासारख्याने काय बोलावं? 'चार भिंती' मागे घेतल्या, जा. ताईंची पेटी-तबला मंडळी आमच्या गेटात आली तर मी अडवणार नाही, दहाच्या आत आली तर ऐकीनही. सांताला विरोध कायम आणि तीनशे रुपये देणार नाही म्हणजे नाही. रविवारी अकराला मीटिंग आहे, कोथरूडमधले असाल तर या. चहा आहे.

जुना_पेठकर: येतो. नावं कोण छापणार तेवढं आधी कळवा.