मदत हवी आहे: डिसेंबर १९८६ च्या हिंसाचाराची कात्रणं, आठवणी

मंडळी, एम.ए.च्या प्रबंधासाठी गोव्यातला राजकीय हिंसाचार हा विषय घेतलाय. भर डिसेंबर १९८६ च्या मराठी-कोंकणी राजभाषेच्या आंदोलनावर, तुलनेला मार्च २००६ ची सावर्डे-कुडचडेची धार्मिक दंगल. (मराठी की कोंकणी हा वाद कृपया इथे नको, तो घरी जेवताना रोज होतोच.)

अडचण आकड्यांची आहे. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या) अहवालात दंगलीचं सदर आहे, द्वेषातून झालेल्या गुन्ह्याचं वेगळं सदर नाही. भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम १५३-अ, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेतलं कलम १९६, आहे ते गटागटांत वैर पसरवण्याबद्दल. पण भाषेच्या रागातून कुणाचं दुकान फोडलं तर ते कुठे मोजायचं? म्हणून त्या काळातली दैनिकं चाळून एकेक घटना नोंदवायची ठरवलीय. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जाणारच आहे, पण घरोघरी जपलेली कात्रणं तिथे कुठली मिळायला!

कुणाकडे असतील तर फोटो पाठवाल? सासष्टी, तिसवाडी तालुक्यांतल्या ज्येष्ठांशीही बोलायचंय, दोन्ही बाजूंच्या. नावं प्रबंधात येणार नाहीत. आणि माहिती अधिकारात इतके जुने एफआयआर कुणी मिळवलेत का? अर्ज पोलीस ठाण्यात करायचा की मुख्यालयात?