जुन्या बंगल्यातली फायरप्लेस: विकण्याआधी सजवायची की बुजवायची?

दगडी_ओटा
बोट क्लब रोडच्या बाजूचा जुना कौलारू बंगला विकायला काढायचा आहे. हॉलमध्ये काळ्या दगडाची फायरप्लेस आहे. तोंड साधारण ३ फूट रुंद, अडीच फूट उंच, पुढे शहाबादी फरशी. बरीच वर्षं पेटवलेली नाही. आत काजळी, वरच्या गिलाव्यावर पिवळट डाग, पावसाळ्यात कुबट वास. ब्रोकर म्हणतो, प्लायवूड ठोका आणि त्यावर टीव्ही लावा. घरच्यांच्या मते तीच बंगल्याची शान आहे. दिवाळीनंतर गिऱ्हाइकं यायला लागतील. काय करावं, आणि कोणत्या क्रमाने?

करणी_ओळंबा
प्लायवूड मुळीच नको. बुजवलेल्या धुराड्यात हवा खेळत नाही, ओल आत कोंडते आणि पुढच्या पावसाळ्यात प्लायला बुरशी धरते. शिवाय जुना बंगला घेणारा माणूस भिंत ठोकून बघतोच. पोकळ आवाज आला की ‘इथे काय झाकलंय?’ हा प्रश्न ठरलेला.

काम वरून खाली करा. तुम्ही सांगता तो डाग धुराचा कमी आणि पाण्याचा जास्त वाटतो. कौलं आणि चिमणी यांच्या सांध्यात बहुतेक नुसतं सिमेंट थापलेलं असतं. ऊन-पावसात त्याला केसाएवढी चीर जाते आणि पाणी थेट गिलाव्यात उतरतं. पाऊस थांबला की ते सिमेंट खरवडून काढा आणि चारही बाजूंनी ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून बसवा. पत्र्याची वरची कड दगडाच्या सांध्यात खोचलेली हवी. नुसती चिकटवली तर पाणी तिच्यामागून उतरणारच. माथ्यावर पत्र्याची टोपी, बाजूंनी ६-८ इंच मोकळी आणि त्या फटीला जाळी, नाहीतर पारवे पुन्हा संसार थाटतील.

मग धुराडं झाडा. आधी खालचं तोंड प्लास्टिक आणि चिकटपट्टीने बंद करा, नाहीतर हॉलभर काजळी होते. आतली काजळी कोरडीच काढायची, मऊ ब्रश आणि व्हॅक्यूमने. लोक पहिल्याच फटक्यात पाणी मारतात आणि काळं दगडाच्या छिद्रांत कायमचं जाऊन बसतं. उरलेल्या डागांसाठी १ लिटर कोमट पाण्यात २ मोठे चमचे धुण्याचा सोडा, नायलॉनचा ब्रश आणि हातात रबरी मोजे. आधी कोपऱ्यात लावून बघा. तारेचा ब्रश नको, त्याचे कण दगडात राहतात आणि पुढे गंजाचे ठिपके उमटतात. ॲसिड तर अजिबात नको. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, ॲसिडने तो पांढरट आणि खरखरीत होतो. सांध्यातला चुनाही खाल्ला जातो.

रंगाची घाई करू नका. गिलाव्यावर फूटभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटवून २४ तास ठेवा. मागे दव जमलं तर ओल अजून आहे. सुकल्यावर ऑइल बेस स्टेन ब्लॉक प्रायमर (डाग वर येऊ न देणारा अस्तराचा हात), मगच इमल्शन. थेट इमल्शनचे दोन हात दिले तर डाग त्यातूनही वर येतो.

कोथरूडची_मांडणी
वरचं सगळं झालं की मांडणीला फार खर्च नाही. वरच्या फळीवर एकच मोठी वस्तू ठेवा: आरसा असेल तर रुंदी फळीच्या साधारण दोन-तृतीयांश. त्यात समोरची खिडकी किंवा झाड दिसायला हवं. पंखा दिसत असेल तर आरसा काढून चित्र लावा. एका बाजूला दोन-तीन पितळी भांडी, दुसरी बाजू जवळजवळ रिकामी. घरच्यांचे फोटो, ट्रॉफ्या, देव नकोत.

तोंडात ५-७ फोडलेले ओंडके, लांबी तोंडाच्या दोन-तृतीयांश, म्हणजे तुमच्याकडे २ फूट. पूर्ण वाळलेलेच घ्या. खाली भुसा पडत असेल तर आत कीड आहे, आणि लाकडी तुळयांच्या घरात ते गिऱ्हाइकाने बघितलं की संपलंच. शेजारी तांब्याचं घंगाळ शोभतं. समोर दोन खुर्च्या थोड्या तिरक्या, मधली वाट मोकळी. टीव्ही दुसऱ्या भिंतीवर. फोटो संध्याकाळी, पिवळ्या दिव्यांत, छातीच्या उंचीवरून काढा. दुपारच्या फोटोत ते नुसतं काळं भोक दिसतं.

वास्तूचा विषय आपणहून काढू नका. फायरप्लेस आग्नेयेला असेल तर मात्र गिऱ्हाइकं स्वतःच ते बोलून दाखवतील.

दगडी_ओटा
धन्यवाद. गिऱ्हाईक येईल तेव्हा पेटवून दाखवली तर? की इलेक्ट्रिकवाली बसवून टाकू?

फेज_न्यूट्रल
इलेक्ट्रिक इन्सर्ट (फायरप्लेसच्या तोंडात ठेवायचा, खोट्या ज्योतीचा हीटर) साधारण १५०० ते २००० वॅटचा असतो. २००० वॅटला जवळजवळ ९ अँपिअर लागतात, म्हणजे १६ अँपिअरचा सॉकेट आणि बोर्डापासून स्वतंत्र २.५ चौ. मिमी तांब्याची वायर. जुन्या वायरिंगवर एक्स्टेंशन टाकून चालवू नका, प्लग वितळतो. दगड फोडून तर मुळीच बसवू नका. सुटा, ओंडक्यांच्या जाळीसारखा दिसणारा घ्या आणि हीटर बंद ठेवून नुसत्या ज्योतीवर चालवा. इथेनॉलचे बर्नर टाळा. गरम बर्नरमध्ये पुन्हा ओतताना भडका उडतो.

करणी_ओळंबा
खरी आग पेटवायचीच असेल तर आधी एकटे असताना चाचणी घ्या. खिडकी किंचित उघडी ठेवून वर्तमानपत्राचं एक पान पेटवा. धूर सरळ वर गेला पाहिजे. हॉलमध्ये परत आला तर धुराडं तुंबलंय किंवा डँपर (धुराड्यातली झडप) गंजून अडकलाय, मग लाकूड लावू नका. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. धूर वर गेला तरी आतल्या सांध्यांना चिरा नाहीत ना, हे मिस्त्रीकडून बघून घ्या. तेवढं करायचं नसेल तर ‘शोभेची आहे, चालू नाही’ असं जाहिरातीतच लिहा. छपराच्या कामाचं बिल आणि आधी-नंतरचे फोटो फाइलमध्ये ठेवा, घासाघीस सुरू झाली की ते कामाला येतात.